क्वार्टरबॅक बदलायची वेळ नेमकी कोण ठरवतो? (अमेरिकन फुटबॉल)

विस्कॉन्सिनवासी

नमस्कार मंडळी,

गेली बावीस वर्षे मी विस्कॉन्सिन राज्यात राहतो. ग्रीन बे हे गाव माझ्या घरापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. लाखभर वस्तीच्या या गावाचा पॅकर्स हा संघ कुणा एका धनिकाच्या मालकीचा नाही. त्याचे भाग सामान्य नागरिकांकडे आहेत, त्यांवर लाभांश मिळत नाही आणि ते बाजारात विकताही येत नाहीत. त्यामुळे संघाचा क्वार्टरबॅक बदलतो, तेव्हा घरातला कर्ता माणूस बदलल्यासारखे वातावरण इथे असते. मी इथे आल्यापासून असा बदल दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा माणसे हळहळली, चिडली, काहींनी तर संघाशी अबोला धरला. तरीही दोन्ही वेळा संघाचेच बरोबर होते, असे माझे आजचे मत आहे, आणि ते नीट मांडावे म्हणून हा धागा काढतो आहे.

ज्यांना हा खेळ परिचयाचा नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, ५३ जणांच्या संघात जवळपास प्रत्येक चढाईची सुरुवात क्वार्टरबॅकच्या हातून होते. चेंडू फेकायचा, कुणाकडे द्यायचा की स्वतः घेऊन पळायचे, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. संघ ३२ आहेत आणि हे काम वर्षानुवर्षे नीट करू शकणारी माणसे त्याहून बरीच कमी आहेत. या खेळातली सगळी ओढाताण या एका टंचाईतून सुरू होते.

क्वार्टरबॅक तीन वाटांनी येतो. महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंच्या वार्षिक ड्राफ्टमधून, दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून, किंवा करार संपून मोकळा झालेला खेळाडू थेट घेऊन. ड्राफ्टच्या सात फेऱ्या असतात आणि आदल्या हंगामात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट, त्याला पहिली निवड मिळते. बहुतेक संघ आपल्या ड्राफ्टमधल्या निवडी खर्च करूनच क्वार्टरबॅक मिळवतात, मग त्या स्वतः वापरोत की दुसऱ्या संघाला देवोत. म्हणून इथे निवड हेच खरे चलन आहे.

आता ग्रीन बेची गोष्ट. १९९१ साली रॉन वुल्फ हे न्यूयॉर्क जेट्समध्ये खेळाडूंची पारख करण्याच्या कामावर होते. ब्रेट फार्व्ह हा क्वार्टरबॅक त्यांच्या मनात भरला होता, परंतु ३४व्या क्रमांकावर जेट्सची पाळी येण्याआधी, ३३व्या क्रमांकावर अटलांटाने त्याला उचलले. अटलांटात त्या हंगामात फार्व्हने चार पास फेकले. त्यांतला एकही आपल्या माणसाच्या हाती गेला नाही आणि दोन प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. तेवढ्यात वुल्फ ग्रीन बेचे सरव्यवस्थापक झाले आणि फेब्रुवारी १९९२मध्ये त्यांनी या खेळाडूसाठी पहिल्या फेरीची निवड मोजली. चार पास, शून्य यश, आणि किंमत पहिल्या फेरीची! लोकांनी त्यांना वेड्यात काढले असते तर त्यात नवल नव्हते. पण पुढे सप्टेंबर १९९२पासून २००७च्या हंगामाअखेर फार्व्हने ग्रीन बेसाठी साखळीतले सलग २५३ सामने सुरुवातीपासून खेळले आणि जानेवारी १९९७चा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकून दिला.

मला मात्र वुल्फ यांची दुसरी सवय जास्त मोलाची वाटते. फार्व्ह ऐन भरात असतानाही ते जवळपास दर वर्षी नवा क्वार्टरबॅक आणून त्याच्या हाताखाली तयार करीत. १९९३च्या पाचव्या फेरीत मार्क ब्रुनेल, १९९८च्या सहाव्या फेरीत मॅट हॅसलबेक, १९९९च्या चौथ्या फेरीत ॲरन ब्रुक्स. हे तिघेही पुढे अनुक्रमे जॅक्सनव्हिल, सिॲटल आणि न्यू ऑर्लिन्स इथे मुख्य क्वार्टरबॅक झाले आणि त्यांना देताना ग्रीन बेला मोबदला मिळाला. म्हणजे ज्या पदाची गरज नव्हती, त्या पदासाठी हा माणूस उमेदवार शोधत राहिला. आपल्याकडे भरल्या घरात बियाण्याचे वेगळे पोते बांधून ठेवतात, तशातला हा प्रकार आहे.

वुल्फ निवृत्त झाल्यावरही ही शिकवण टिकली. २००५च्या ड्राफ्टमध्ये ॲरन रॉजर्स २४व्या क्रमांकापर्यंत खाली घसरला. फार्व्ह समोर असतानाही ग्रीन बेने त्याला घेतले आणि तीन वर्षे बाकावर बसवून तयार केले. मार्च २००८मध्ये फार्व्हने रडत निवृत्ती जाहीर केली आणि उन्हाळ्यात विचार बदलला. संघाने मात्र विचार बदलला नाही. ऑगस्टमध्ये त्याला जेट्सकडे पाठवले आणि बदल्यात मिळालेली सशर्त निवड अखेर तिसऱ्या फेरीची ठरली. माझे शेजारी त्या दिवशी अंगणात उभे होते. निवृत्त सुतार आहेत, बोलणे कमी. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर खुंटीला हिरवा ४ क्रमांकाचा सदरा वर्षानुवर्षे टांगलेला असे. तो त्यांनी काढला, नीट घडी घातली, रंगाच्या डब्यांमागच्या खोक्यात ठेवला आणि झाकणावर चिकटपट्टी लावली. नवा सदरा त्यांनी पुढची दोन वर्षे घेतला नाही. रॉजर्सच्या पहिल्या हंगामात संघ ६ जिंकला आणि १० हरला, तेव्हा गावात काय बोलले गेले असेल याची कल्पना करा. फेब्रुवारी २०११मध्ये त्याच रॉजर्सने सुपर बोल जिंकला.

मग २०२० साली हाच डाव रॉजर्सवर आला. आदल्या हंगामात १३ विजय, उपांत्य सामन्यापर्यंत मजल, आणि तरीही ग्रीन बेने चौथ्या फेरीची निवड जास्तीची देऊन ३०व्या क्रमांकावरून २६व्या क्रमांकावर उडी घेतली व जॉर्डन लव्हला निवडले. रॉजर्सने लागोपाठ दोन वर्षे, २०२० आणि २०२१मध्ये, सर्वोत्तम खेळाडूचा किताब पटकावून उत्तर दिले. तेव्हा लव्हची निवड ही घोडचूक ठरवण्यात मीही होतो. परंतु एप्रिल २०२३मध्ये रॉजर्स जेट्सकडे गेला, तेव्हा ग्रीन बेकडे तीन वर्षे शिकून तयार झालेला माणूस होता.

माझे म्हणणे असे की, क्वार्टरबॅकची निवड चुकते यात कुणाचा फारसा दोष नसतो, कारण वीस-बावीस वर्षांच्या मुलाचे पुढे काय होईल हे कुणालाच पक्के सांगता येत नाही. दोष असतो तो दोन ठिकाणी. हातातला माणूस चांगला आहे म्हणून पुढच्याचा शोध थांबवणे, आणि चूक उमगल्यावरही केवळ मोजलेल्या पैशापायी तिला धरून बसणे. तुमचे अनुभव आणि मतभेद जरूर लिहा.

डेन्व्हरचा दिनू

उत्तम धागा. तुमच्या दुसऱ्या मुद्द्याचे सर्वांत महागडे उदाहरण माझ्या गावात घडले, तेव्हा ते मीच सांगतो.

पेटन मॅनिंगने फेब्रुवारी २०१६मध्ये सुपर बोल जिंकून निवृत्ती घेतली, त्यानंतर आमच्या ब्रॉन्कोज संघाला क्वार्टरबॅक सापडेना. मार्च २०२२मध्ये संघाने सिॲटलहून रसेल विल्सनला आणले. त्यासाठी पहिल्या फेरीच्या दोन निवडी, दुसऱ्या फेरीच्या दोन, पाचव्या फेरीची एक आणि शिवाय तीन खेळाडू दिले; विल्सनबरोबर चौथ्या फेरीची एक निवड काय ती मिळाली. आणि मग तो आमच्यासाठी एकही सामना खेळण्याआधीच, सप्टेंबरमध्ये, त्याला ५ वर्षांचा सुमारे २४.५ कोटी डॉलरचा वाढीव करार दिला. तो हंगाम ५ विजय आणि १२ पराभवांवर संपला आणि प्रशिक्षकाला हंगाम पुरा होण्याआधीच घरी जावे लागले.

२०२३मध्ये शॉन पेटन प्रशिक्षक झाले. विल्सनचा खेळही सुधारला, त्याने २६ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) दिले आणि त्याचे केवळ ८ पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. तरीही शेवटच्या दोन सामन्यांत त्याला बाकावर बसवून जॅरेट स्टिडमला खेळवले. याचे कारण खेळापेक्षा करारात जास्त होते. करारानुसार विल्सन मार्च २०२४च्या मध्यापर्यंत संघात राहिला असता, तर २०२५चे ३.७ कोटी डॉलरही पक्क्या हमीचे झाले असते. आणि त्याआधी त्याला मोठी दुखापत झाली असती, तर त्याला सोडताच आले नसते. ती तारीख पुढे ढकलायला तयार हो, नाहीतर बाकावर बसशील, असे आपल्याला ऑक्टोबरअखेरीसच सांगण्यात आले होते, हे विल्सनने नंतर जाहीरपणे सांगितले. ते सांगणे झाले तेव्हा आम्ही कॅन्सस सिटीला नुकतेच हरवले होते. त्या दिवशी मी दोन्ही मुलांना घेऊन थंडीत स्टेडियममध्ये होतो, अनोळखी माणसे एकमेकांना मिठ्या मारत होती. त्याच दिवसांत आतमध्ये या हिशेबाचे बोलणे चालले होते, हे आठवले की आजही मन खट्टू होते.

मार्च २०२४मध्ये त्याला करारमुक्त केले. खात्यावर ८.५ कोटी डॉलरचा मृत भार राहिला. एका खेळाडूचा एवढा भार त्यापूर्वी कुठल्याही संघावर पडलेला नव्हता.

गणिती

दिनू यांनी "मृत भार" म्हटले आहे तो काय प्रकार आहे, हे कळल्याशिवाय या धाग्यावरची बरीच चर्चा अधांतरी राहील, म्हणून थोडे हिशेबाचे लिहितो.

१९९४पासून, २०१०चा अपवाद सोडता, प्रत्येक संघाला खेळाडूंच्या वेतनावर कमाल मर्यादा आहे. २०२४मध्ये ती २५.५४ कोटी डॉलर होती. समजा, एखाद्या खेळाडूला ५ वर्षांच्या करारावर सही करताना ५ कोटी डॉलर बोनस दिला. पैसे त्याच्या हाती लगेच पडतात, परंतु मर्यादेच्या हिशेबात ते दर वर्षी १ कोटी असे पाच वर्षांत विभागून धरले जातात. दोन वर्षांनी त्याला सोडले, तर उरलेले ३ कोटी एकदम संघाच्या माथी येतात. खेळाडू दुसरीकडे खेळत असतो आणि त्याचा बोजा जुन्या संघाच्या वहीत असतो. १ जूननंतर सोडल्याचे दाखवता आले, तर हा बोजा दोन वर्षांत वाटता येतो. विल्सनच्या ८.५ कोटींपैकी ५.३ कोटी २०२४च्या आणि ३.२ कोटी २०२५च्या खात्यात गेले ते असे. म्हणजे २०२४मध्ये डेन्व्हरच्या एकूण मर्यादेचा पाचवा हिस्सा मैदानात नसलेल्या माणसावर खर्च झाला होता.

क्वार्टरबॅकच्या बाबतीत २०११ हे वर्ष फार महत्त्वाचे आहे. २०१०मध्ये सेंट लुईसने पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला ६ वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला, त्यांतले ५ कोटी हमीचे होते. पुढच्याच वर्षी खेळाडू संघटना आणि संघमालक यांच्यात नवा करार झाला, नवोदितांच्या वेतनाचे कोष्टक ठरले, आणि त्याच पहिल्या क्रमांकावर आलेल्या कॅम न्यूटनला ४ वर्षांसाठी सुमारे २.२ कोटी मिळाले. तेव्हापासून नवोदित पण सक्षम क्वार्टरबॅक ही या खेळातली सर्वांत स्वस्त आणि किमती गोष्ट झाली. तो स्वस्त असतो त्या चार वर्षांत उरलेल्या पैशांत बाकीचा संघ उभा करून घ्यायचा, हे सूत्र झाले.

पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षासाठी राखायचे की नाही, हे संघाला त्याच्या तिसऱ्या हंगामानंतर ठरवावे लागते. ही पहिली कसोटीची तारीख. न्यूयॉर्क जायंट्सनी २०२२मध्ये डॅनियल जोन्सचे पाचवे वर्ष नाकारले, त्या वर्षी तो बरा खेळला, म्हणून मार्च २०२३मध्ये त्यालाच ४ वर्षांचे १६ कोटी दिले आणि नोव्हेंबर २०२४मध्ये सोडून दिले. पहिला निर्णय योग्य होता, एका बऱ्या हंगामाने त्यांनी तो फिरवला. विस्कॉन्सिनवासींच्या मुद्द्यात मी एवढीच भर घालीन की, चूक धरून बसण्याइतकीच, बरोबर निर्णयाची भीती वाटून तो मागे घेणे हीसुद्धा महाग पडणारी गोष्ट आहे.

कोथरूडकर

मी हा खेळ पाहत नाही, पण धागा गुंतवून ठेवणारा आहे म्हणून विचारतो. आपल्याकडे आयपीएलचा लिलाव होतो, तसा इथे का होत नाही? शिवाय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलाला आपला पहिला संघ निवडण्याचा अधिकारच नाही, हा त्याच्यावर अन्याय नाही का?

गणिती

लिलाव नसण्यामागे कल्पना अशी की, दुबळ्या संघाला चांगला नवोदित आधी मिळावा आणि स्पर्धा एकांगी होऊ नये. अन्यायाचा प्रश्न रास्त आहे. २००४मध्ये ईलाय मॅनिंगने आपण सॅन डिएगोकडून खेळणार नाही असे आधीच कळवले होते. सॅन डिएगोने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलेच आणि त्याच दिवशी जायंट्सना दिले. बदल्यात चौथ्या क्रमांकावर आलेला फिलिप रिव्हर्स आणि आणखी निवडी घेतल्या. असे धाडस करणारे मात्र विरळा. अनुभवी खेळाडू करारातच "माझ्या संमतीशिवाय अदलाबदल नाही" अशी अट घालून घेऊ शकतो. विल्सनकडे ती होती आणि डेन्व्हरला त्याने संमती दिली होती.

उलट, करार संपलेल्या खेळाडूला अडकवण्याचे साधन संघाकडेही आहे. त्याला फ्रँचायझी टॅग म्हणतात. ठरावीक मोठी रक्कम एका वर्षासाठी द्यायची आणि त्याला बाजारात जाण्यापासून रोखायचे. वॉशिंग्टनने कर्क कझिन्सला २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे हा टॅग लावला, अनुक्रमे सुमारे २ आणि २.४ कोटी डॉलर मोजून. तिसऱ्या वर्षी तो मिनेसोटाला गेला आणि ३ वर्षांचे ८.४ कोटी, सगळेच्या सगळे हमीचे, घेऊन गेला. दोन वर्षे मन न ठरवल्याची किंमत वॉशिंग्टनने ४.४ कोटी मोजली आणि माणूसही गमावला.

साशंक

धागाकर्त्यांविषयी आदर ठेवून विरुद्ध बाजू मांडतो. ग्रीन बेच्या दूरदृष्टीचे आपण जे कौतुक करता, त्यात नशिबाचा वाटा आपण फार कमी धरला आहे.

याच ग्रीन बेने १९७४मध्ये ३४ वर्षांच्या जॉन हॅडलसाठी लॉस एंजलिसला पाच निवडी दिल्या, त्यांत दोन पहिल्या फेरीच्या आणि दोन दुसऱ्या फेरीच्या होत्या. त्या व्यवहाराने संघ कित्येक वर्षे मागे गेला. गाव तेच आणि मालकीची पद्धतही तीच होती. म्हणजे शहाणपण हा त्या गावच्या पाण्याचा गुण नव्हे.

आता सॅन फ्रान्सिस्को पाहा. २०२१मध्ये त्यांनी १२व्या क्रमांकावरून तिसऱ्या क्रमांकावर जाण्यासाठी मायामीला २०२२ व २०२३ या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि वर तिसऱ्या फेरीची एक निवड दिली आणि ट्रे लान्सला घेतले. तो त्यांच्यासाठी सुरुवातीपासून खेळला चार सामने, आणि ऑगस्ट २०२३मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीवर डॅलसला गेला. आपल्या तर्कानुसार या संघाची दहा वर्षे वाया जायला हवी होती. पण २०२२च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, २६२व्या क्रमांकावर त्यांनी ब्रॉक पर्डी नावाचा मुलगा घेतला होता. २०२३च्या हंगामात ८ लाख ७० हजार डॉलर मूळ वेतनावर खेळून त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेले, आणि २०२५मध्ये ५ वर्षांचा २६.५ कोटींचा करार मिळवला. टॉम ब्रेडीही २०००मध्ये १९९व्या क्रमांकावर आला होता. न्यू इंग्लंडला तो एवढा मोठा होईल असे वाटले असते, तर त्यांनी त्याच्यासाठी सहावी फेरी येईपर्यंत वाट पाहिली असती का? शिवाय मार्च २००१मध्ये त्यांनी ड्रू ब्लेडसोला १० वर्षांचा १०.३ कोटींचा करार दिला होता. त्या सप्टेंबरमध्ये ब्लेडसोला जबर दुखापत झाली नसती, तर ब्रेडी कधी मैदानात आला असता, कोण जाणे.

मृद्गंध

मी इंडियानापोलिसला राहते. साशंक यांनी नशिबाचा विषय काढला आहे, तर आमच्या कोल्ट्सइतके दोन्ही बाजूंचे नशीब क्वचितच कुणी पाहिले असेल.

मानेच्या शस्त्रक्रियांमुळे पेटन मॅनिंग २०११चा संपूर्ण हंगाम बाहेर होता आणि त्याच्याविना संघ २ जिंकून १४ हरला. त्या अपयशाने ड्राफ्टमधली पहिली निवड मिळाली आणि नेमका त्या वर्षी अँड्र्यू लक उपलब्ध होता. मॅनिंगला ८ मार्च २०१२ रोजी २.८ कोटी डॉलर बोनस द्यावा लागणार होता, त्याच्या आदल्या दिवशी त्याला करारमुक्त केले. पत्रकार परिषदेत मालक आणि खेळाडू शेजारी-शेजारी उभे होते आणि मॅनिंगचा आवाज फुटत होता. ऑफिसात आम्ही सगळे काम थांबवून पाहत होतो. मॅनिंग पुढे डेन्व्हरला जिंकला तरी त्या निर्णयाबद्दल कोल्ट्सना दोष देणारी मी नाही. मान बरी होईल की नाही, हे त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हते, आणि दुसऱ्या बाजूला एक तरुण उभा होता.

पण नंतरचे ऐका. २४ ऑगस्ट २०१९ रोजी शिकागोविरुद्धचा सराव सामना होता. लक खेळत नव्हता, साध्या कपड्यांत कडेला उभा होता. आम्ही वरच्या मजल्यावर बसलो होतो. चौथ्या सत्रात पुढच्या रांगेतल्या एका मुलाने फोन वर करून मित्राला दाखवला, मग त्या मित्राने शेजारच्याला, आणि बघता बघता सगळ्या स्टेडियममध्ये माना खाली घालून लोक फोन वाचू लागले. लक २९व्या वर्षी निवृत्त होत असल्याची बातमी फुटली होती. सामना संपून तो आत जाऊ लागला, तेव्हा काही जणांनी त्याची हुर्यो केली. २०१५मध्ये त्याचे मूत्रपिंड फाटले होते, २०१७चा संपूर्ण हंगाम खांद्याने खाल्ला होता. एवढे सोसलेल्या माणसाला असा निरोप मिळाला, याची लाज मला आजही वाटते.

त्यानंतर हंगामाचा पहिला सामना कोण खेळले ते पाहा. २०१९ ब्रिसेट, २०२० रिव्हर्स, २०२१ वेंट्झ, २०२२ रायन, २०२३ आणि २०२४ रिचर्डसन, २०२५ डॅनियल जोन्स. वेंट्झसाठी फिलाडेल्फियाला दिलेल्या निवडीची अट अशी होती की, तो ७५ टक्के चढायांत खेळला तर ती दुसऱ्याऐवजी पहिल्या फेरीची होईल. तो खेळला, निवड पहिल्या फेरीची झाली, आणि वर्षभरात आम्ही त्याला वॉशिंग्टनला देऊनही टाकले. रिचर्डसन सोडला, तर दर वर्षी दुसऱ्याच्या घरातून निघालेला माणूस आणायचा आणि यंदा जमेल म्हणायचे, यात सहा-सात वर्षे गेली. विस्कॉन्सिनवासी म्हणतात ते बियाण्याचे पोते आमच्याकडे नव्हते, कारण २९ वर्षांच्या माणसाच्या मागे ते ठेवावे असे कुणाला वाटले नाही. मलाही वाटले नसते, हे प्रामाणिकपणे सांगते.

विस्कॉन्सिनवासी

मृद्गंध, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ थांबलो. हुर्यो करणाऱ्यांविषयी तुम्हाला वाटते तेच मलाही वाटते. १ नोव्हेंबर २००९ रोजी फार्व्ह मिनेसोटाच्या जांभळ्या सदऱ्यात ग्रीन बेला आला, तेव्हा सोळा हंगाम त्याच्यासाठी घसा फोडलेल्या लोकांनी त्याला तसेच वागवले होते. नोव्हेंबर २०१५मध्ये पावसात त्याचा क्रमांक सन्मानाने निवृत्त करण्यात आला आणि ग्रीन बेचे जुने क्वार्टरबॅक, आजारी बार्ट स्टार त्यासाठी मैदानात आले, तोवर मधे सहा वर्षे गेली होती. माझ्या शेजाऱ्यांनी खोक्याची चिकटपट्टी त्या आठवड्यात काढली.

साशंक, नशिबाचा वाटा मी मान्य करतो आणि हॅडलचे उदाहरण मी द्यायला हवे होते, ही माझी त्रुटी. तरी पर्डीकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहा. तिसऱ्या क्रमांकाचा लान्स हाताशी असतानाही सॅन फ्रान्सिस्कोने आणखी एक क्वार्टरबॅक घेतला. आणि पर्डी चांगला खेळतो आहे हे दिसल्यावर, तीन पहिल्या फेऱ्या मोजल्या आहेत म्हणून लान्सला पुढे रेटला नाही. २६२व्या क्रमांकावर रत्न सापडले हे नशीब, परंतु ते ओळखून आधीचा महाग खेळाडू बाजूला ठेवणे याला नशीब म्हणता येणार नाही. ब्लेडसोचेही तसेच. दुखापत हा योग होता. तो बरा होऊन परतल्यावरही ब्रेडीलाच कायम ठेवणे आणि एप्रिल २००२मध्ये ब्लेडसोला बफेलोला देऊन पहिल्या फेरीची निवड घेणे, हा निर्णय होता.

याची उलट बाजू क्लीव्हलँड. मार्च २०२२मध्ये त्यांनी डेशॉन वॉटसनसाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि ५ वर्षांचे २३ कोटी डॉलर, पूर्ण हमीचे, दिले. त्या वेळी दोन डझनांच्या आसपास महिलांनी लैंगिक गैरवर्तनाबद्दल त्याच्यावर दिवाणी दावे लावलेले होते आणि त्याला पुढे ११ सामन्यांची बंदी व ५० लाखांचा दंड झाला. मला तो व्यवहार त्या दिवशीही मान्य नव्हता, आणि यात फुटबॉलचा हिशेब माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. पण हिशेबानेही पाहिले तरी, पूर्ण हमी म्हणजे चूक दुरुस्त करण्याची वाट स्वतःच बुजवून घेणे होय. त्याला वाट करून देण्यासाठी ज्या बेकर मेफिल्डला त्यांनी कॅरोलायनाकडे घालवले, तो कॅरोलायनातूनही सुटला, आणि २०२३मध्ये टँपा बे इथे ४० लाखांच्या एका वर्षाच्या करारावर उभा राहून २०२४मध्ये ३ वर्षांच्या १० कोटींपर्यंत पोहोचला.

साशंक

ब्लेडसोविषयीचा मुद्दा मान्य. मेफिल्ड आणि त्याच २०१८च्या ड्राफ्टमधला सॅम डार्नल्ड यांच्याकडे पाहून मला आणखी एक वाटते. जेट्सनी तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला डार्नल्ड तीन वर्षांत कॅरोलायनाला, तिथून सॅन फ्रान्सिस्कोत राखीव म्हणून, आणि २०२४मध्ये १ कोटी डॉलरच्या एका वर्षाच्या करारावर मिनेसोटाला गेला. तिथे खरे तर दहाव्या क्रमांकावर आणलेल्या जे. जे. मॅकार्थीला तयार करायचे होते, ऑगस्टमध्ये त्याचा गुडघा दुखावला, आणि डार्नल्डने १४ सामने जिंकून दिले. तरी मिनेसोटाने त्याला जाऊ दिले आणि मार्च २०२५मध्ये सिॲटलने ३ वर्षांचे १०.०५ कोटी देऊन त्याला घेतले. पहिल्या संघात फसलेला मुलगा वाईट होता की त्याला सांभाळणारे घर वाईट होते, हा प्रश्न आपण पुरेसा विचारत नाही. रॉजर्स आणि लव्ह यांना तीन-तीन वर्षे बाकावर शांतपणे बसता आले. ते दोघे सुरुवातीलाच जेट्सकडे गेले असते तर पहिल्याच महिन्यात मैदानात ढकलले गेले असते.

विस्कॉन्सिनवासी

हे माझ्या मूळ लेखातून निसटले होते आणि ते महत्त्वाचे आहे. बाकावर बसवण्याची ऐपतही समोर चांगला माणूस असेल तरच येते. २-१४ असा हंगाम संपवलेल्या संघाला ती चैन परवडत नाही.

रॉजर्सला देताना ग्रीन बेने काय केले तेही या निमित्ताने सांगतो. मर्यादेच्या हिशेबात सुमारे ४ कोटी डॉलरचा मृत भार त्यांनी २०२३मध्ये एकाच वर्षात सोसला. बदल्यात जेट्सशी पहिल्या फेरीतली १५वी निवड देऊन १३वी घेतली, त्या वर्षीची दुसऱ्या फेरीची एक घेतली, आणि २०२४ची दुसऱ्या फेरीची निवड अशा अटीवर घेतली की, रॉजर्स ६५ टक्के चढायांत खेळला तर ती पहिल्या फेरीची होईल. ११ सप्टेंबर २०२३ रोजी रॉजर्स हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन धावत मैदानात आला. चौथ्याच चढाईत खाली पडला, उठला, आणि पुन्हा गवतावर बसला. टाचेमागचा स्नायुबंध तुटला होता. आमच्या दिवाणखान्यात दहा-बारा जण होते, बहुतेक ग्रीन बेचे चाहते. पहिल्या फेरीची निवड हुकली हे सगळ्यांच्या लक्षात आले असणार, पण ते कुणी बोलले नाही. लव्हने त्या हंगामात ३२ टचडाउन पास दिले, डॅलसला त्यांच्या मैदानावर ४८-३२ हरवले, आणि जुलै २०२४मध्ये ४ वर्षांचा २२ कोटींचा करार केला. आता तोही स्वस्त राहिलेला नाही, म्हणून माझे लक्ष लागले आहे ते त्याच्यामागे कुणाला आणून बसवतात याकडे.

डेन्व्हरचा दिनू

आमच्याकडचा पुढचा भाग सांगायचा राहिला. विल्सनला सोडल्यावर पिट्सबर्गने त्याला किमान वेतनावर, १२ लाख १० हजार डॉलरवर घेतले, आणि त्याच्या २०२४च्या ३.९ कोटींतले उरलेले सगळे डेन्व्हरने भरले. एप्रिल २०२४मध्ये संघाने १२व्या क्रमांकावर बो निक्सला घेतले. मृत भारामुळे बाकी खरेदी जेमतेम झाली, तरी त्या हंगामात १० सामने जिंकून, मॅनिंगच्या सुपर बोलनंतर पहिल्यांदाच, आम्ही प्लेऑफमध्ये गेलो. माझ्या धाकट्याचा जन्म त्या सुपर बोलनंतरचा. प्लेऑफमधला आपला संघ त्याने तोवर पाहिलाच नव्हता.

सिॲटलने आमच्या निवडींतून चार्ल्स क्रॉस, बोये माफे, डेव्हन विदरस्पून आणि डेरिक हॉल हे चौघे घेतले. त्यांचे सामने लागले की मी अजूनही त्यांची नावे मोजतो. विल्सनच्या कराराचे शेवटचे ३.२ कोटी २०२५च्या खात्यात पडले आणि ती वही एकदाची मिटली.